चहातला च, चोरातला च

४ ऑगस्ट, सोमवार

‘चोखंदळ’ — आणि च कुठला, तर चहातला! चोरातला नव्हे. माझ्याच स्वयंपाकघरात, कट्ट्याला टेकून, बिनदिक्कत! “मावशी, हे पुस्तक चोखंदळ वाचकांसाठी नाहीच मुळी. भुकेल्या वाचकांसाठी आहे.” वाक्य झकास. त्या एका च-ने माती केली.

मी जागच्या जागी सुधारलं. तिने माझ्या तोंडाकडे टक लावून बघितलं, मान डोलावली, आणि पुन्हा तोच च. भाची म्हणून सोडून दिलं. प्रयोगशाळेत माझ्या हाताखालच्या कुणी एकच चूक लागोपाठ केली असती तर बाटल्या धुवायला बसवलं असतं.

जूनपासून ती माझ्याकडे आहे. कॉलेज इथून पायी जाण्यासारखं. धाकट्या बहिणीची एकुलती एक. बहिणीचा पाठवायलाच विरोध होता — “पोरगी बाहेर टिकायची नाही. जरा कमीजास्त झालं की मी येऊन घेऊन जाणार, मग मला थांबवायचं नाही!” असं दर फोनला. फोनवर तिला आपण काही सांगायचं नसतं. ती बोलते, आपण हुंकार भरायचे.

मुलगी बोलण्यात आईवर गेली आहे. मी तिला टकळी म्हणते.

९ ऑगस्ट, शनिवार

टकळी चष्मा विसरून गेली, म्हणून कॉलेजात जावं लागलं. (खरं म्हणजे तिच्या मैत्रिणीच्या हाती देता आला असता. पण एकदा बघायचं होतं.)

ग्रंथालयात दर शनिवारी ‘सध्या काय वाचतोस?’ असा कार्यक्रम असतो. अभ्यासाचं पुस्तक चालत नाही. निव्वळ मजेसाठी वाचलेलं हवं. मुलं एकेक करून उठतात आणि पुस्तकाची गोष्ट सांगतात. बहुतेक जण मलपृष्ठ पाठ करून आलेले. एकाने तर किंमतसुद्धा सांगितली!

मग आमची उठली. ती गोष्ट सांगतच नाही. पुस्तक कुणी वाचावं, ते सांगते. आज एका दीपगृहात राहणाऱ्या बाईची कादंबरी होती. पुस्तकभर धुकं, जहाज एकही नाही. “घाईतल्या माणसाने याला हात लावू नये,” म्हणाली. “ताप उतरत आलेला असतो, बरं वाटत असतं, पण अंथरुणातून उठायची परवानगी नसते — तेव्हा वाचावं. त्याआधी वाचलंत तर कंटाळाल. नंतर वाचलंत तर उशीर झालेला असेल.”

मी मागे खांबापाशी उभी होते. माझ्या अंगावर काटा आला, हे इथे लिहायला हरकत नाही.

ग्रंथपालबाई कानाशी येऊन म्हणाल्या, “तुमच्या भाचीने सांगितलेलं पुस्तक सोमवारी कपाटात राहत नाही. काय खाऊ घालता?” मी म्हटलं, शिस्त.

शेवटी कुणीतरी विचारलं, कादंबरीचा शेवट दुःखाचा आहे का? तर ही म्हणते, “हो, खिडकीशेजारी बसून वाचलं तर उत्तमच!” सगळे खो-खो हसले. हजरजबाबी आहे. शेवट फोडायचा नाही म्हणून कशी बगल दिली!

सप्टेंबरात मोठ्या सभागृहात पालकांसमोर कार्यक्रम आहे. त्यात बोलायला एकालाच निवडणार. टकळीचा जीव त्यात अडकलाय.

१० ऑगस्ट, रविवार

‘जुजबी’. दोन्ही ज जीवातले! जागेतला ज हिच्या गावीच नाही. इंग्रजी शाळेतली असती तर समजून घेतलं असतं. ही तर मराठी शाळेतली. तिथे काय झोपा काढत होती?

१३ ऑगस्ट, बुधवार

पाणी तपासायच्या आमच्या प्रयोगशाळेतली माझी साहाय्यक गेले काही दिवस तोंड पाडून असायची. नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या तिरक्या, कोपऱ्यातल्या नळाचं पाणी विहिरीच्या खान्यात. घरी सहज बोलले. टकळीने कान टवकारून — नाही, डोळे टवकारून — ऐकून घेतलं आणि खोलीतून एक पुस्तक आणलं. नाटकांचे पोशाख शिवणाऱ्या शिंपिणीचं आत्मचरित्र. “आपण केलेलं कुणालाच दिसत नाही असं ज्याला वाटतं, त्याच्यासाठी आहे हे.”

मी म्हटलं, तिचं दुखणं हेच, हे तुला कुणी सांगितलं? “तूच. तू म्हणालीस ना, ती सगळं करते आणि अहवालावर सही तुझी असते.”

बरं.

पुस्तक नेऊन दिलं. साहाय्यक आज सकाळी आली ती माझ्या आधी! म्हणते, “बाई, त्या शिंपिणीने राणीच्या झग्याच्या आत, अस्तरावर स्वतःचं नाव शिवलं होतं. कुणाला दिसणार नाही असं.” मग जरा थांबून, “मी काही करणार नाहीये तसं.” करणार आहे, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. अहवालाखाली तिचंही नाव घालायचं ठरवलं. आधीच सुचायला हवं होतं.

१६ ऑगस्ट, शनिवार

आज माझी पाळी. टकळीने औषध दिल्यासारखं पुस्तक माझ्या उशाशी ठेवलं. एक माणूस नदीच्या काठाने चालत जातो — मुखापासून उगमापर्यंत, उलटा. “पाण्यावर जिचा अजिबात विश्वास नाही अशा बाईसाठी.”

कॉलेजात असताना मी पुष्कळ वाचायचे. मग नोकरी लागली, अहवाल वाचायला लागले. इतकंच. त्यात खंत करण्यासारखं काही नाही. पण कादंबरी हातात धरली की हात अवघडतो, हे आज कळलं.

चौथ्या प्रकरणात हा शहाणा कातडी कमावण्याच्या कारखान्याच्या खालच्या अंगाचं पाणी ओंजळीने पितो, आणि लिहितो — ‘गोडसर’! समासात पेन्सिलने लिहिलं : अशक्य. पुढे : मेला असतास. त्याच्याही पुढे : निदान उकळ तरी!

टकळीने ते बघितलं. “पुस्तकाशी भांडायला लागलीस. म्हणजे आवडलंय.”

“ग्रंथालयाचं आहे का?” मी दचकून विचारलं.

“माझं आहे. खुशाल भांड.”

२१ ऑगस्ट, गुरुवार

नदीचं पुस्तक संपलं. उगमापाशी त्याला काय सापडतं? काही नाही. खडकावर एक ओला डाग. तो त्याच्यावर तळवा ठेवतो आणि तळवा ओला होईपर्यंत उभा राहतो. बस. पुस्तक संपतं.

दूध उतू गेलं. माझ्या घरी!

मी तिला म्हटलं, चांगलं आहे. ती म्हणाली, “मावशीच्या तोंडून ‘चांगलं’! सही करून दे.” आगाऊ आहे. पण एकोणिसाव्या वर्षी माणूस बघून पुस्तक ओळखायचं, पुस्तक बघून माणूस — हे मला या वयात जमलेलं नाही. मला फक्त पाणी कळतं, तेही बाटलीत भरलेलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

लिहून काढते.

सकाळी ती माझ्यासमोर सराव करत होती. दोन शेजारणींची कादंबरी आहे, मधे एक पातळ भिंत. तिच्या टिपणातलं वाक्य : ‘तिला पलीकडच्या पावलांची चाहूल लागायची.’ चाहूल — चहातला च!

मी चिडले. मग चिडता चिडता थांबले. ही मुलगी चूल बरोबर म्हणते. चटका, चोर, जागा, जाळी, जळमट — सगळं बरोबर. चुकतं काय? चोखंदळ, जुजबी, चाहूल. जे घरात कुणी रोज बोलत नाही. जे पुस्तकात असतं. छापलेल्या अक्षरावर कुठला च ते लिहिलेलं नसतं. तो कानानेच शिकावा लागतो.

मी कपाटाचं दार उघडलं आणि दाराआडून नेहमीच्या आवाजात म्हटलं, “चाहूल. चोरातला च.” ती पुढे वाचत राहिली. म्हटलं, “तुझा चष्मा खाली पडला.” वाचत राहिली. म्हटलं, “तुझी आई दारात उभी आहे.”

वाचत राहिली.

मी दार लावलं. तिने मला बघितलं, हसली, आणि विचारलं, “आता बरोबर आला का मावशी?”

कुणाच्या तरी येण्याचा बारीकसा आवाज म्हणजे चाहूल. तो शब्द तिने कागदावरून उचलला. मी समोर उभी राहून सुधारत होते आणि ती माझे ओठ बघत होती. ओठांवर दोन्ही च जवळजवळ सारखेच दिसतात. मी आत्ता आरशात बघितलं.

मी म्हटलं, हो. आला.

२४ ऑगस्ट, रविवार

कालचं ‘हो’ खोटं होतं. मला ते पचलं नाही. चहा झाल्यावर तिला समोर बसवलं, खिडकीचा उजेड माझ्या तोंडावर येईल अशी खुर्ची फिरवली आणि विचारलं, “कधीपासून ऐकू येत नाही?”

आधी हसली. मग पुस्तक उघडलं. मग मिटलं.

“येतं. थोडं येतं. शाळेत असतानाच कमी व्हायला लागलं. आता वर्गात पहिल्या बाकावर बसते.”

“आणि तो शेवटाचा प्रश्न? खिडकीशेजारी?”

“मला वाटलं कुठे बसून वाचू असं विचारलं.” मग हळूच, “हसले ते बरं झालं. हसले की पुढचा प्रश्न येत नाही.”

मग म्हणाली, “मी बोलत राहिले ना मावशी, की कुणी मला काही विचारत नाही. म्हणून बोलते. आणि पुस्तकात कुणी पाठ फिरवून बोलत नाही. सगळं समोर असतं.”

आईला माहीत नाही. “तिला कळलं तर त्याच दिवशी बॅग भरेल. मला घरी बसवेल. मावशी, प्लीज! सप्टेंबर होऊ दे. मला ते एकदा बोलू दे.” रडली. माझ्यासमोर रडलेलं मला चालत नाही, तरी चालवून घेतलं.

माझी बाजू मी स्पष्ट सांगितली. एक : डॉक्टरकडे जायचं, ताबडतोब. दोन : मी आपणहून बहिणीला फोन करणार नाही, पण तिने विचारलं तर खोटं बोलणार नाही. सांगायचं काम तुझं. तुझे कान, तुझं तोंड.

“तू फार कडक आहेस,” म्हणाली.

मी म्हटलं, ऐकू आलं ना? मग झालं.

दोघी हसलो. काय करणार.

२७ ऑगस्ट, बुधवार

कानाची डॉक्टरीण. चिमुकली बाई, काचेच्या खोलीत टकळीला बसवून कानांवर डबी लावली. आवाज आला की बटण दाबायचं. मी काचेबाहेरून बघत होते. बराच वेळ पोरीचा अंगठा नुसता बटणावर. दाबत नाही. चेहऱ्यावर मात्र अगदी शहाण्यासारखी एकाग्रता. तिला वाटत होतं, अजून सुरूच झालं नाहीये.

मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागले.

दोन्ही कानांना यंत्र लागेल. डॉक्टरीण म्हणाली, “इतके दिवस निभावलंच कसं?” टकळी म्हणाली, “वाचून.”

३० ऑगस्ट, शनिवार

निवड झाली! सभागृहात टकळीच बोलणार. बहिणीला तिने निरोप पाठवला — मोबाइलवर लिहून. बहिणीचं उत्तर : येते.

५ सप्टेंबर, शुक्रवार

यंत्रं आली. कानामागे बसतात, भुईमुगाच्या दाण्याएवढी. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर पोरगी रस्त्याच्या कडेला उभीच राहिली. “एवढा गोंगाट! तुम्ही लोक वेडे कसे होत नाही?”

घरी आल्यावर फ्रिज, नळ, बिजागरी — सगळ्यांची ओळख करून घेतली. मी दुसरं पुस्तक वाचत बसले होते (तिनेच दिलेलं, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या भावांचं, फारच छान). तर समोर येऊन उभी. “मावशी, तू वाचताना पुटपुटतेस!”

मुळीच नाही.

“पुटपुटतेस! आत्ता म्हणालीस, ‘मूर्ख आहे हा’.”

थोरला भाऊ खरोखरच मूर्ख आहे. पण मोठ्याने म्हणाले असेन असं वाटलं नव्हतं. साहाय्यक इतकी वर्षं काय काय ऐकत आली असेल!

८ सप्टेंबर, सोमवार

नवा उद्योग. जेवताना पुस्तकातले शब्द विचारते आणि मी उच्चारायचे. चुणूक. जायबंदी. चाचपणे. झुळूक. प्रत्येक शब्द माझ्या मागून तोंडात घोळवते, सरबतातला बर्फ घोळवावा तसा. आज ‘जरा’ विचारला. म्हटलं, कुठला? थोडंसं या अर्थाचा असेल तर जागेतला ज. म्हातारपण या अर्थाचा असेल तर जीवातला. अक्षरं तीच.

ती खूश. “म्हणजे मावशी, तुला जरा जरा आलीये!” दोन्ही ज अचूक.

चापट मारली. पण अचूक होते.

१३ सप्टेंबर, शनिवार

आईला अजून सांगितलेलं नाही. मी आज जाब विचारला. तिचा बेत तयार आहे : “स्टेजवरून सांगणार. एकदाच, सगळ्यांना. आई तिथे ओरडू शकणार नाही, रडू शकणार नाही आणि हात धरून ओढूनही नेऊ शकणार नाही. आणि तोवर मी पुस्तकाबद्दल बोललेली असेन. तिने मला बोलताना बघितलेलं असेल. मग काय ते ठरवू दे.”

हे मला सुचलं नसतं. अवघड गोष्ट आहे, आणि सरळ आहे. मी म्हटलं, कर.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

बहीण आली. दारातून आत येईपर्यंत प्रवास, शेजारीण, तिचा गुडघा, माझे पडदे — सगळं सांगून झालं. “किती वाळलीस गं! ही तुला धड जेवू घालते ना? कॉलेज कसं चाललंय?” — आणि उत्तर यायच्या आत, “बरं बरं, चांगलं आहे!” टकळी केस मोकळे सोडून, कान झाकून बसली होती. मी भांडी घासत राहिले. मला तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर?

२० सप्टेंबर, शनिवार

निघायला बहिणीने उशीर केला (गुडघा), त्यामुळे मागच्या रांगेत जागा मिळाली. सभागृह गच्च. ध्वनिक्षेपक घुमत होता.

टकळी आली — केस वर बांधून. घट्ट, उंच. दोन्ही कान उघडे, आणि कानांमागे ते दाणे. मी बहिणीचा हात धरला. तिला वाटलं मायेने धरला. तिने थोपटला.

पोरगी भिंतीपलीकडच्या शेजारणींच्या पुस्तकाबद्दल बोलली. ते कुणी वाचावं? “ज्याला वाटतं, पलीकडे कुणी नाही.” मग एक घोट पाणी प्याली. म्हणाली :

“या पुस्तकात एक शब्द आहे. चाहूल. मी तो कित्येकदा वाचला होता, पण ऐकला नव्हता. माझ्या मावशीला कळलं की मी तो चुकीचा म्हणते. सगळ्यांनाच वाटतं, चुकणारी माणसं नीट शिकत नाहीत. मी नीट शिकले होते. पण फक्त डोळ्यांनी. मला कमी ऐकू येतं. मी ते लपवत आले. आता प्रश्न विचारताना माझ्याकडे तोंड करून विचारा, आणि मला कळलं नाही तर मी पुन्हा विचारेन. हसणार नाही.”

च — चोरातला. स्वच्छ.

टाळ्या. ग्रंथपालबाई उभ्या राहिल्या, त्यांच्यामागून मुलं. मी टाळी वाजवू शकले नाही, कारण एक हात बहिणीच्या हातात होता. तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नव्हती. तेच हसू. सगळे उठले तशी तीही उठली, टाळ्या वाजवल्या. एवढी घट्ट ही कधी झाली?

घरी येताना “छान बोललीस हं! साडी नेसायला हवी होतीस,” एवढंच. त्या विषयाचं अक्षर नाही. जेवताना नाही. नंतर नाही.

टकळी खोलीत गेली. मी डोकावले तर पलंगावर बॅग उघडी, पुस्तकं तळाशी रचत होती. “आई इतकी गप्प कधीच नसते मावशी. ठरवलंय तिने.”

मलाही तसंच वाटत होतं.

२१ सप्टेंबर, रविवार

सकाळी टकळी आईसमोर जमिनीवर बसली, गुडघ्याला गुडघा लावून, आणि सगळं पुन्हा सांगितलं. सावकाश, एकेक शब्द. बहीण तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

मग तिने हात पुढे करून पोरीच्या कानामागचं यंत्र काढलं. उलटसुलट बघितलं. आणि आपल्याच कानाला लावलं. बराच वेळ तशीच बसली. आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता.

“काल तिथून हेच सांगत होतीस होय?” म्हणाली.

डॉक्टरीण उद्या बसते. बहीण राहतेय, स्वतःचे कान दाखवायला.